पोटात रोज एक सुई

दिवाळीच्या आधी जुन्या जालन्यात साड्या फॉल-पिकोला टाकल्या होत्या, त्या आणायला गेले होते. परत येताना रिक्षा केली. गल्ली संपते तिथल्या गतिरोधकावरून रिक्षा उडाली आणि माझ्या पाठीत, मधोमध, काहीतरी दबलं. आवाज झाला नाही. मी ओरडलेही नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि तो छातीतच अडकून बसला होता. रिक्षावाला मोबाइलवर बोलत होता, तो बोलतच राहिला. घरासमोर थांबलो तेव्हा मला उतरता येईना. नवऱ्यानं आणि सुनेनं प्लास्टिकची खुर्ची आणली, मला तिच्यात सरकवलं आणि खुर्चीसकट उचलून आत नेलं. शेजारच्या बायका गॅलरीतून बघत होत्या. माझा पदर सुटला होता आणि तो सावरायला हात वर जात नव्हता.

एक्स-रेत मणका चेपलेला दिसला. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का कुठं?"

"नाही. रिक्षात बसले होते. गतिरोधकावरून उडाली."

"गतिरोधकावरून सगळ्याच उडतात," ते म्हणाले. "सगळ्यांचे मणके नाही मोडत. तुमची हाडं आतून पोकळ झाली आहेत."

मी निवृत्त होईपर्यंत एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात काम केलं. तिथं तपासणीला आलेल्या हरभऱ्याच्या थाळ्या टेबलावर पडलेल्या असायच्या. भुंगा लागलेला दाणा बाहेरून अख्खा दिसतो, नखानं दाबला की आतून पीठ सांडतं आणि त्या पिठात काहीतरी वळवळतं. डॉक्टर पोकळ म्हणाले आणि माझ्या डोळ्यांपुढे ती थाळी आली. तेव्हापासून मला माझ्या अंगाची शिसारी बसली.

तसं शिसारी बसणं मला नवं नाही. माझं माहेर अंबडच्या बाजूचं, मेंढरांचं घर. पावसाळ्यात लोकर भिजली की तिचा वास घरात, अंथरुणात, भाकरीतसुद्धा यायचा. मेंढीच्या खुरात जखम झाली की त्यात अळ्या पडायच्या आणि वडील काट्यानं एकेक अळी काढून फुफाट्यात टाकायचे, तोंडानं मेंढीशी बोलत. माझे भाऊ जवळ बसून बघायचे. मी तोंडात फडकं कोंबून बाहेर पळायची. शाळेत मी हुशार होते म्हणून शिकले असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. शाळेत तो वास नव्हता, म्हणून मी शाळेत गेले. तिथून टायपिंग शिकले, शहरात नोकरी धरली, मटण सोडलं, इस्त्रीच्या साडीशिवाय घराबाहेर पडले नाही. ऑफिसात मी स्वतःचा पेला कपाटात कुलपात ठेवायची. मागे सगळे हसायचे. हसोत.

आणि आता मला पलंगावर पडून राहावं लागलं. पाठीला कडक पट्टा. ऑक्टोबरचं ऊन, वरून वीज गेलेली, पट्ट्याच्या आत घाम साठून कातडी पांढरी पडायची आणि घामोळ्यांची रांग उठायची. पट्टा सोडला की जो वास यायचा तो मी ओळखत होते. तो ओल्या लोकरीचा वास होता. आयुष्यभर ज्याच्यापासून पळाले तो माझ्याच अंगातून येत होता.

मुलगा नोकरीसाठी परगावी असतो; सून इथंच शाळेत शिक्षिका आहे. सकाळी शाळेत जायच्या आधी ती माझं सगळं करायची. भांडं द्यायची, पुसून काढायची, पावडर लावायची, पट्टा बांधायची. एकदाही तिनं नाक मुरडलं नाही. ती दुसऱ्याच गोष्टी बोलत राहायची, आज शाळेत पाहुणे येणार आहेत, भाजीला काय करू, असलं. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. तिनं एकदा जरी तोंड वाकडं केलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. तिची जागा मला दिली असती तर मी काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिच्याकडे बघवत नव्हतं.

नवरा वेगळ्याच मार्गाला लागला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस, पण घरात आजारपण आलं की त्याला काहीतरी करून दाखवावं लागतं. एका संध्याकाळी तो स्टीलची किटली घेऊन आला.

"हे पिऊन टाक. गरम आहे तोवर."

"काय आहे?"

"पी आधी. मंग सांगतो."

झाकण उघडलं तर पायाचं सूप. वर पिवळट चरबीचा थर, त्यात काळ्या मिऱ्यांचे ठिपके आणि तळाशी खुराजवळचं हाड. मी तोंड फिरवलं.

"मी खात नाही हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही का?"

"औषध म्हणून घ्यायचं. औषधाला काय विटाळ असतो?" तो म्हणाला आणि चमचा माझ्या ओठांशी आणला. वास नाकात शिरला आणि मला उलटी झाली. झोपल्याझोपल्या, मानेवरून, उशीवर. उलटीच्या प्रत्येक आचक्याला मोडका मणका असा चावत होता की डोळ्यांपुढे अंधारी आली. नवरा किटली हातात धरून उभाच. मग गुपचूप गेला आणि फडकं घेऊन आला. त्या दिवसानंतर घरात पाया आला नाही.

हाडांसाठी मी आधी काही घेतलंच नव्हतं असं नाही. आदल्या वर्षी बाथरूमच्या दारात घसरून मनगट मोडलं होतं, तेव्हा आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर गिळायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. मी नेमानं बसायची. तरी छातीत जळायचं, आंबट पाणी घशाशी यायचं, दिवसभर तोंडाला गंजल्यासारखी चव. शेवटी अन्ननलिकेला सूज आली आणि डॉक्टरांनीच ती बंद केली. त्यानंतर दुसरं काही घ्यायला मी गेले नाही, आणि कुणी बोलावलंही नाही.

मार्गशीर्षात मला बसता-उठता येऊ लागलं तेव्हा सुनेनं सुट्टी काढून मला संभाजीनगरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या हाडं ठिसूळ होण्याचाच इलाज करतात. वयानं माझ्या मुलीसारख्या, बोलायला स्पष्ट. हाडांची तपासणी झाली, रक्ताची झाली. त्यांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाल्या, "गोळी तुम्हाला चालली नाही. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते औषध तुमच्या किडनीमुळे मी देणार नाही. उरली दोन इंजेक्शनं."

"मला इंजेक्शन नको आहे," मी म्हणाले.

"ठीक. पण आधी ऐकून घ्या, मग नको म्हणा."

एक इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. दंडात, दवाखान्यात येऊन. ते हाडांची झीज थांबवतं. त्याची एकच मोठी अट, तारीख चुकवायची नाही आणि मनानं बंद करायचं नाही. मध्येच सोडलं तर थांबलेली झीज एकदम जोरात सुरू होते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. दुसरं इंजेक्शन पेनसारखं. ते नवीन हाड घडवतं. ते रोज घ्यायचं, दोन वर्षांपर्यंत, स्वतःच्या हातानं.

"कुठं टोचायचं?"

"पोटावर किंवा मांडीवर."

"रोज?"

"रोज. मणका मोडलेला आहे म्हणून मी तुम्हाला आधी हेच सुचवीन. पण तुम्ही टोचणार नसाल तर ते फ्रिजमध्ये पडून राहील, त्याचा उपयोग नाही."

"आणि काहीच घेतलं नाही तर?"

"तेही तुम्ही ठरवू शकता. पण एक मणका चेपला की पुढचा चेपण्याची भीती वाढते. हे मी सांगितलं नाही असं व्हायला नको. कधी कॅन्सर झाला होता का? किरणांचा शेक दिला होता का?"

नव्हता. मुतखडा? नाही. मग त्यांनी दात बघितले. मागच्या दाढेत खड्डा होता आणि त्यातून येणारा वास मी वर्षभर लवंग चघळून झाकत आले होते. बाई किंचित मागं सरकल्या ते मी बघितलं. सहा महिन्यांचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर आधी ही दाढ काढून घ्या, त्या म्हणाल्या, नंतर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. मी तोंड मिटून घेतलं. कान तापले होते. पोकळ हाडं, सडकी दाढ, चेपलेला मणका, आणि वरून कडक इस्त्रीची साडी नेसून बसलेली मी.

घरी आल्यावर जो तो बोलू लागला. नवरा म्हणाला, "वर्षातून दोनदा दवाखान्यात जायचं, विषय खतम. रोज पोटात कोण सुया मारून घेतं?" कुणी फोनवर सांगितलं की असल्या इंजेक्शनांनी कॅन्सर होतो. कुणी हाडजोडीच्या वेलाच्या कांड्यांची चटणी पाठवली, ती हिरवी, बुळबुळीत, जिभेला खाजवणारी. सगळ्यांच्या आवाजात ती चिकट दया. माझं तर काहीच घ्यायचं नाही असं ठरल्यात जमा होतं. अंगात आणखी काही घालून घ्यायची इच्छाच उरली नव्हती. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आई, टोचून तुम्हाला घ्यायचंय. मी कसं सांगू?"

मग नवराच म्हणाला, "आक्का सहा महिन्यांचं घ्यायची. तिला विचारून ये ना एकदा."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. अंकुशनगरला राहते, साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ. भावजी कारखान्यात होते, ते गेले. आता ती मुलाकडे असते. ती पडून आहे एवढं मला माहीत होतं, पण वर्ष झालं मी गेले नव्हते. तिला बघितलं की मला आधीपासून दडपण यायचं. दोन पोती एकदम उचलणारी बाई, हसली की चार घरांपलीकडे ऐकू जायचं. माझ्या लग्नानंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिचा उष्टा पेला दोनदा विसळला, ते तिनं बघितलं होतं.

सून गाडी चालवत होती, मी शेजारी पट्टा बांधून. गाळपाचे दिवस होते. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, त्यांनी पाडलेले खड्डे. प्रत्येक खड्ड्याआधी मी दाराची मूठ धरायची आणि सून गाडी माणसाच्या चालीवर आणायची. अंकुशनगर जवळ आलं तसा मळीचा वास सुरू झाला, गोड आणि कुजका. काच वर केली तरी तो आत येत होता.

आक्का बाजेवर होती. मी आधी तिला ओळखलंच नाही. पाठ अशी वाकली होती की हनुवटी छातीला टेकली होती आणि बरगड्या कमरेवर बसल्या होत्या, मधलं पोट बाजूंनी बाहेर आलं होतं. बाजेशेजारी राख घातलेला डबा, त्यात ती थुंकत होती. खोलीत लघवीचा, तेलाचा आणि खिडकीतून येणाऱ्या मळीचा वास एकत्र झाला होता. मी दारातच थांबले. पदर नाकाशी न्यावा असं फार वाटलं, नेला नाही.

"ये वैनी. बस. त्या गादीवर नको बसू, वल्ली हाय ती. खुर्ची घे."

मी खुर्चीत बसले. सून तिच्या पायाशी बसली.

"तुझाबी मणका गेला म्हनं," आक्का म्हणाली. मान वर होत नव्हती म्हणून ती डोळेच वर करून बघत होती.

"हो. इंजेक्शन घ्या म्हणतात. तुम्ही घेत होता ना, ते सहा महिन्यांचं?"

"घेत व्हते की. लई गुण आल्ता. कंबर दुखायची थांबली. हंडे उचलून राह्यले, शेतात जाऊन राह्यले. मंग पोराचं लगीन निघालं. त्या गडबडीत एक राह्यलं. मंग दुसरं राह्यलं. मला बिलकुल बरं वाटून राह्यलं व्हतं, मंग कशाला जाऊ?"

"डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, बंद करू नका म्हणून?"

"सांगितलं आसंल. मी कशाला आयकते? दुखतं त्याला आयकू येतं." ती थुंकली आणि डब्याकडे बघत राहिली. "आंगण झाडाया वाकले आन् पाठीत कड् झालं. आठ दिस पडले. उठले तर आनिक एक. मंग खोकले तर आनिक एक. खोकल्यानं हाड मोडतं, आयकलं व्हतं का कधी?"

"मग पुन्हा सुरू नाही केलं?"

"केलं की. आता घेऊन राह्यले. पण मोडलेलं मोडलं. सुईचा दोष न्हाई, वैनी. दोष कुनाचा ते जाऊ दे."

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाय आत ओढून, साडीचा काठ जमिनीला लागणार नाही असा धरून. आक्काचे डोळे माझ्या हातावर, त्या काठावर आले.

"तुला माझी किळस यून राह्यली," ती म्हणाली. रागानं नाही, ताक आंबट आहे म्हणावं तसं. "येऊ दे. तू पयल्यापासून तशी. मलाबी माझी येती. सून कूस बदलाया आली का मी डोळे मिटून घेते. तिचं तोंड दिसाया नको म्हनून न्हाई. माझं तिला दिसतं म्हनून."

तेवढ्यात आक्काला लघवीला लागली. तिची सून दळण आणायला गेली होती. आक्का म्हणाली, "येईल ती," पण तिच्या तोंडावरून दिसत होतं की तेवढा दम निघणार नाही. मला वजन उचलायची बंदी. माझी सून उठली, हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, बाजेखालचं भांडं घेतलं आणि आक्काला अलगद कुशीवर घेतलं.

"आई, तेवढा डबा बाहेर ओतून या," ती मला म्हणाली. "मधे येतोय."

राखेचा डबा. मी तो पदराच्या टोकानं धरला, अंगापासून लांब, आणि मागच्या दारानं नाल्यापाशी गेले. ओतताना राखेखालचं दिसलं. मी तिथंच भिंतीला धरून ओकले. पाठीत कळ उठली. पलीकडे कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत होता आणि एक कुत्रं मी ओकलेलं खायला आलं. मी त्याला हाकललंसुद्धा नाही. तोंड पुसलं, रिकामा डबा आत नेऊन ठेवला, आणि आम्ही निघेपर्यंत मी आक्काच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. निघताना ती म्हणाली, "कोन्तंबी घे. पण सोडू नको," आणि पापण्या मिटल्या.

परतीच्या वाटेवर सुनेनं एका झाडाखाली गाडी थांबवली आणि बाटलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. साबण नव्हता. मी तिला माझ्या पर्समधली साबणाची वडी दिली, मी ती नेहमी ठेवते. तिनं हात धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिलाही किळस येते. तिलाही येत होती, सगळे दिवस, माझीसुद्धा.

गाडी सुरू झाल्यावर मी म्हणाले, "मी रोजचं घेते."

"रोज टोचाल?"

"टोचीन."

"हवं तर मी टोचून देत जाईन. सकाळी जायच्या आधी."

"नाही," मी म्हणाले. "तू नाही टोचायचं. माझं मी करीन."

तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. निर्णय झाला तो असा. तो धीरानं झाला नाही की समजुतीनं झाला नाही. एका बाजूला माझं पोट आणि सुई होती, दुसऱ्या बाजूला ती बाज. दोन्हींकडे बघून मळमळत होतं. सुईची मळमळ माझ्या हातात होती एवढाच फरक.

पेन आणल्यावर पहिलं भांडण फ्रिजवरून झालं. ते थंड ठेवावं लागतं. नवऱ्यानं ते दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं. सुईचं औषध आणि खायचं दही एका कप्प्यात, मला सहन होईना. तो म्हणाला, "टोपण लावलेलं आहे. दही काय इंजेक्शन टोचून घेणार आहे का?" मी झाकणाची स्टीलची डबी काढली, पेन तिच्यात ठेवलं आणि डबी दाराच्या कप्प्यात. तरी काही दिवस मी दही खाल्लं नाही.

टोचायचं कसं ते दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं. पहिल्या दिवशी मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसले. साडी सैल केली. आपलं पोट मी कित्येक वर्षांत उजेडात बघितलं नव्हतं. पट्ट्याच्या कडांनी पडलेले काळे वळ, बाळंतपणाच्या पांढऱ्या रेघा, आणि मणका चेपल्यामुळे पुढं लोटलेला मऊ, थंड गोळा. शिजवून गार झालेल्या पिठल्यासारखा. त्याची चिमूट धरायची होती. मी धरली, आणि माझे वडील आठवले, मेंढीच्या मानेची कातडी अशीच चिमटीत धरून लस टोचणारे. मेंढी एकदा फक्त थरथरायची. वडिलांच्या बोटांना लोकरीचं तेल लागलेलं असायचं आणि ते तसेच जेवायला बसायचे.

मी सुई टोचली. इतकी बारीक होती की जवळजवळ काही कळलंच नाही, आणि त्याचाच राग आला. यासाठी मी महिनाभर अन्न सोडल्यासारखी वागले होते. बटण दाबून धरलं, थांबले, सुई काढली. रक्ताचा एक थेंब आला, तो कापसानं टिपला. उठायला गेले तर डोकं गरगरलं आणि मळमळलं, म्हणून परत आडवी झाले. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, "झालं." थोड्या वेळानं दाराबाहेर चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.

आता वर्ष उलटून गेलं. सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे यायचे, ते कमी झाले. टोचल्यावर थोडा वेळ पडून राहावं लागतं, ते अजून आहे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासणी केली, हाड थोडं भरलं आहे म्हणाल्या. दुसरा मणका मोडलेला नाही. पण चेपलेला चेपलेलाच राहिला. उंची कमी झाली, साड्या निऱ्यांत वर खोचाव्या लागतात, आरशात बघितलं की खांद्यांत बाक दिसतो. दाढ काढून टाकली. काढलेली दाढ दंतवैद्यानं मला ट्रेमध्ये दाखवली, काळी, मुळाशी पू लागलेली, आणि विचारलं, घरी न्यायची का. काही लोक नेतात म्हणे.

आक्का आहे अजून. तिथल्या बाजेवर, त्याच खिडकीपाशी. मी दोनदा जाऊन आले. जाते तेव्हा पदराला कापूर बांधून जाते, ती ते बघते आणि म्हणते, "कापूर आनला का? बरं केलं, मलाबी वास यू दे त्याचा." मग मी गाठ सोडून कापूर तिच्या उशाशी ठेवते आणि बिनकापराची बसते. जितकं बसवतं तितकं.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं झाली की हे बंद करावं लागेल आणि घडलेलं हाड टिकवायला दुसरं सुरू करावं लागेल, बहुतेक ते सहा महिन्यांचंच. मी म्हणाले, "म्हणजे सुटका नाहीच." त्या म्हणाल्या, "नाही." बाकीचे डॉक्टर असं विचारलं की काहीतरी गोड बोलतात. त्या बोलल्या नाहीत, एवढ्यासाठी मला त्या बऱ्या वाटतात.

काल डावीकडे टोचलं होतं, तिथं निळा डाग पडला आहे. म्हणून आज उजवीकडे.